जुन्या पिकअपची बेंच सीट काढून बकेट सीट बसवायच्या आहेत (इंदूर)

राऊचा_शेतकरी · ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००५ची टाटा २०७ डीआय आहे. राऊजवळ शेती. बटाटा, लसूण आणि हंगामाप्रमाणे भाजी चोइथराम मंडीत न्यायची, हेच तिचं काम. इंजिन उत्तम आहे, चॅसिस धड आहे, दरवर्षी फिटनेस होतं. गाडी विकायची नाही.

अडचण सीटची आहे. पुढे दारापासून दारापर्यंत एकच अखंड बेंच. ती सरकते, पण सगळी एकदम. बाबांची उंची ५ फूट ३ इंच, माझी ५ फूट ११. क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून बाबा सीट पुढे ओढतात, तेव्हा शेजारी बसलेल्या माझे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. मी चालवायला घेतली की सीट मागे जाते आणि मधे बसलेल्या आईला धरायला काही उरत नाही. बाबांच्या जागी तर गादीत खळगाच पडलाय. बाबा ६६ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यापासून कमरेतून डाव्या पायात कळ जाते. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं सांगितलं नाही, बसणं नीट करा असं सांगितलं. बाबांना मंडी सोडवत नाही आणि मलाही त्यांना घरी बसवायचं नाहीये.

देवास नाक्याकडच्या एका कबाड्याकडे हॅचबॅक कारच्या दोन बकेट सीट, म्हणजे एकेकट्या माणसाच्या सुट्या सीट, बघितल्या. कापड चांगलं, स्लायडर मोकळे, जोडी साडेचार हजारांत देतोय. ओळखीचा वेल्डर म्हणतो, पत्र्याला भोकं पाडून दुपारपर्यंत बसवून देतो. कोणी असं काम केलंय का? करण्याआधी काय मोजायचं, काय तपासायचं?

मालवा_मेकॅनिक · ११ जानेवारी

वेल्डरला थांबवा. दुपारपर्यंत होणारं काम नाही हे.

आधी बेंच काढा, रबरी मॅट उचला आणि खालचा पत्रा बघा. एवढ्या जुन्या पिकअपमध्ये समोरच्या काचेच्या रबरातून किंवा दाराच्या खालच्या कडेने पाणी आत येतं आणि मॅटखाली महिनोन् महिने मुरतं. वरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर गेलेला. गेलेला भाग कापून १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमीचा नवा पत्रा जोडावा लागेल. गंजावर पट्टी मारून वर सीट बसवू नका.

पीथमपूर_शिफ्ट · १२ जानेवारी

मी पीथमपूरला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. जिग-फिक्श्चर आणि वेल्डिंगची तपासणी हे माझं रोजचं काम. सीटच्या बाबतीत लोक गादी बघतात, माझी नजर आधी बोल्टवर जाते. जरा लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

बकेट सीट १५ ते १८ किलोची असते. गाडी आदळून थांबते तेव्हा अंगावर येणारा भार वजनाच्या कितीतरी पट असतो. बेल्टचे आधारबिंदू तपासायचं आपल्याकडचं मानक एआयएस-०१५ आहे. लहान प्रवासी आणि मालवाहू गाड्यांसाठी अशा चाचणीत खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्रत्येकी सुमारे १,३५० किलोचा ओढ देतात. पट्ट्याचं टोक सीटलाच लावलेलं असेल तर त्यावर सीटच्या वजनाच्या २० पट भार आणखी. १८ किलोच्या सीटचे ३६० किलो वेगळे, माणसाचा भार वेगळा. आता तुमच्या १ मिमी पत्र्याला पाडलेलं भोक आणि त्यात साधा नट-वायसर डोळ्यासमोर आणा. बोल्ट तुटायची वेळच येणार नाही. वायसर पत्रा फाडून वर येईल.

हॅचबॅकच्या सीटची खरी गोम इथेच आहे. पुष्कळ कारमध्ये बेल्टचं बक्कल सीटच्या चौकटीला असतं आणि कंपनीने खालचा फ्लोअर तसा मजबूत केलेला असतो. तुमच्या पिकअपचा फ्लोअर त्या हिशेबाने बनलेला नाही. म्हणून सीट कुठलीही घ्या, पण पट्ट्याची टोकं गाडीच्या मूळ आधारबिंदूंवरच राहू द्या. मूळ बोल्ट ७/१६ इंचाचा, इंचाला २० आट्यांचा असतो. त्यात जवळपासच्या मापाचा मिलिमीटरचा बोल्ट घुसवून आटे मारू नका.

सीटच्या बोल्टखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूने, प्लेट हवीच. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएचा, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, नियम आहे: प्रत्येक सीटला किमान चार बोल्ट, ८ मिमीपेक्षा बारीक नको, आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटीमीटरची, ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट. आपण रॅलीला जात नाही, पण चांगलं माप आहे. मी असतो तर १० मिमीचे बोल्ट आणि ५ मिमीची प्लेट वापरली असती, कोपरे गोल घासून, म्हणजे प्लेटची धारच पत्र्याला चिरणार नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असलेलेच घ्या. आकडा नसलेला चकचकीत बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात कितीही चांगला दिसला तरी नको.

रामबागची_ताई · १२ जानेवारी

दादा, आमच्या घरी सीट कव्हर आणि गादीचं काम तीस वर्षांपासून चालतं. माझं म्हणणं ऐका, बेंच आहे तीच दुरुस्त करा.

तुमच्या गादीत आत नागमोडी स्प्रिंगा असतील, वर काथ्याचा थर आणि त्यावर फोम. बाबांच्या जागचा काथ्या भुगा झाला असेल आणि एक-दोन स्प्रिंगा आकड्यातून निसटल्या असतील. स्प्रिंगा बदलून, काथ्याच्या जागी ५० च्या आसपास घनतेचा फोम घातला की खळगा राहणार नाही. घनता विचारूनच घ्या. सोफ्याचा हलका फोम पहिल्या दिवशी छान वाटतो आणि वर्षभरात पुन्हा बसतो. पाठीला कमरेच्या उंचीवर दोन इंचांचा उंचवटा शिवून देता येतो. आणि कव्हर कापडाचं करा. मे महिन्यात दुपारी मंडीबाहेर उभ्या गाडीत रेग्झिनवर कसं बसायचं?

राऊचा_शेतकरी · १२ जानेवारी

ताई, गादीचं पटलं. पण बेंच एकत्रच सरकते हा प्रश्न त्याने सुटत नाही. बाबा आणि मी एकाच गाडीत, एकाच वेळी नीट बसू शकत नाही, मुळात त्यासाठीच हा खटाटोप.

पीथमपूर दादा, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वेल्डरला फोन करून नको सांग." केला.

बडोदेकर · १३ जानेवारी

वडोदऱ्याहून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाने हेच केलं होतं: पिकअपमध्ये दोन बकेट, मधे पाण्याची बाटली आणि वह्या ठेवायला खोका. दिसायला देखणं झालं. फिटनेसला गेल्यावर तपासणाऱ्याने आरसी बघितली. आसनं तीन लिहिलेली, गाडीत दोन. गाडी परत. भावाने पुन्हा जुनी बेंच लावली, फिटनेस करून घेतलं आणि बकेट आजही माळ्यावर पडल्या आहेत.

नंतर मी कायदा नीट वाचला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने मुळात दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील गाडीत वेगळा दिसेल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आसनसंख्या हा आरसीवरचा तपशील आहे. तीनाचे दोन करणं म्हणजे नुसता गादीतला बदल राहत नाही.

अपघात झाला तर विमा कंपनी सर्वेक्षक पाठवते. त्याच्या हातात हा मुद्दा आयता द्यायचा का, याचाही विचार करा.

राऊचा_शेतकरी · १३ जानेवारी

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन सीट केल्या तर आई कुठे बसणार, हा प्रश्न घरात होताच. मी तिला म्हटलं होतं की तू मागच्या खेपेला ये. ती काही बोलली नाही. आता वाटतंय की हे मी बोलायला नको होतं. लसूण काढणीच्या दिवसांत पहाटे चारला तीही आमच्याइतकीच राबलेली असते.

मालवा_मेकॅनिक · १३ जानेवारी

मग दोन बकेट हव्यातच कशाला? चालकाची एक वेगळी आणि डावीकडे दोघांची जोडसीट. कित्येक पिकअपना कंपनीतूनच अशी मांडणी येते. आसनं तीनच राहतात, बाबांची सीट वेगळी सरकते, आईची जागा जात नाही. मोडीत निघालेल्या पिकअपमधल्या दोन्ही सीट चौकटीसकट मिळाल्या तर उत्तम. तुमची बेंच कापून जोडसीट करायच्या फंदात पडू नका. तिची चौकट सलग आहे म्हणून मजबूत आहे.

कॅबिन मोजा: आतली रुंदी, दारापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि गिअरचा दांडा दुसऱ्या व चौथ्या गिअरला मागे कुठपर्यंत येतो.

राऊचा_शेतकरी · १८ जानेवारी

बेंच काढली. पत्रा: चालकाच्या पायाशी हातभर जागा भद्द. मॅटखाली ओल होती, काचेच्या रबरातूनच येत होती. रबर मागवलंय.

मापं अशी. आतली रुंदी १४८ सेंमी. उजव्या दारापासून स्टिअरिंगचा मध्य ३६ सेंमी. बकेट ५० सेंमी रुंद धरली आणि तिचा मध्य स्टिअरिंगच्या मध्याशी जुळवला, तर तिची डावी कड दारापासून ६१ सेंमीवर येते. उरले ८७. मधे ३ सेंमी फट आणि डाव्या दाराशी ४ सोडले की जोडसीटला ८० सेंमी मिळतात. गिअरचा दांडा चौथ्याला मागे येतो तेव्हा बकेटच्या पुढच्या कडेपासून ५ सेंमी लांब राहतो.

हॅचबॅकची सीट आणून नुसती ठेवूनही बघितली. तिचे बाजूचे उंचवटे इतके मोठे की हँडब्रेक ओढताना कोपर अडकतं. बुटकीही फार. बाबांना स्टिअरिंगच्या वरून नीट दिसेना. ती परत केली.

पीथमपूर_शिफ्ट · १८ जानेवारी

परत केलीत हे बरं झालं. आणखी एक, कारण हा धागा इतरही वाचतील: नव्या कारच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असू शकते. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर त्या सीटला हात लावू नका. काही बक्कलांतही पट्टा ताणणारं स्फोटक असतं. त्यावर मल्टीमीटर लावून बघणं किंवा वेल्डिंग करणं जिवावर बेतू शकतं.

उंची मोजताना रिकाम्या गादीवर टेप लावू नका. बाबांना बसवा, मग मोजा. गादी तीन-चार सेंटीमीटर दबते. पाय क्लचवर पूर्ण दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि मांडीचा मागचा भाग गादीवर टेकलेला. मांडी अधांतरी राहिली तर सगळा भार कमरेवर येतो, आणि बाबांना तेच चालणार नाही.

ग्वाल्हेरी · २० जानेवारी

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे जुनी टाटा एस आहे. तिला अशी बकेट बसेल का?

मालवा_मेकॅनिक · २० जानेवारी

एसमध्ये इंजिनच सीटखाली आहे हो. फ्लोअरला पक्की चौकट ठोकली तर प्रत्येक वेळी इंजिनपर्यंत जायला सीट खोलावी लागेल, आणि खालची उष्णता अडवणारा थर हलला तर बसवणार नाही. तुम्ही रामबागच्या ताईंचा सल्ला घ्या: आहे तीच सीट, नवा फोम.

राऊचा_शेतकरी · ९ फेब्रुवारी

सीट मिळाल्या. मोडीत निघालेल्या एका पिकअपच्या: चालकाची वेगळी, स्लायडर आणि पाठ कलणारी, शिवाय दोघांची ७८ सेंमीची जोडसीट. दोन्हींची कापडं फाटकी, चौकटी सरळ. कर्ण मोजून बघितले, दोन मिलिमीटरचाही फरक नाही. कागदपत्रांसाठी आरटीओत आधी जाऊन आलो, फोटो आणि मापं घेऊन. आसनं तीनच राहतात, मूळ बेल्ट मूळ जागी राहतात, हे दाखवलं. विमा कंपनीलाही पत्र दिलं आणि पोच घेतली.

गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, मॅट आणि खालचा डांबरी थर खरवडून काढला, गाडीखाली झोपून डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने वर फ्लोअरवर आखून घेतलं. हे आखलं नसतं तर मागच्या उजव्या बोल्टचं भोक नेमकं ब्रेकच्या पाइपवर पडलं असतं. चौकट ११ मिमी पुढे घेतली.

नव्या पत्र्याला प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग. बोल्टची भोकं पाडल्यावर त्यांच्या कडांनाही रंग. ताई, गाद्या रामबागेतच भरून घेतल्या. ओळख न सांगता गेलो होतो, तुमचंच दुकान निघालं की नाही ते तुम्हीच सांगा.

रामबागची_ताई · ९ फेब्रुवारी

करड्या कापडाची जोडसीट आणि चालकाच्या पाठीला उंचवटा? आमच्याच सासऱ्यांनी शिवली ती. मी शेजारीच बसले होते!

पीथमपूर_शिफ्ट · १० फेब्रुवारी

आवळताना एक काळजी घ्या. चारही बोल्ट आधी हातानेच लावा, सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, दोन-तीनदा सरकवा. दोन्ही रेल आपोआप समांतर येतील. मग पुढचे आवळा, पुन्हा सरकवा, मग मागचे. आधीच एक बाजू घट्ट केली तर स्लायडर अडखळतो, आणि अडखळणारा स्लायडर अर्ध्या दातावरच थांबतो. मग ब्रेक लावताना सीट खटकन पुढे जाते.

राऊचा_शेतकरी · २ मार्च

रंगपंचमीच्या आधी काम पुरं झालं. तुम्ही सांगितलं तसंच आवळलं. प्रत्येक नट आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

फिटनेस झालं. तपासणाऱ्याने आसनं मोजली, तिन्ही पट्टे ओढून बघितले, खाली वाकून प्लेटा पाहिल्या. चालकाच्या आणि डावीकडच्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा, मधल्याला कमरेचा.

बाबांची सीट आता माझ्यापेक्षा दीड वीत पुढे असते. आई मधे बसत नाही, दाराशी बसते. मधे मी. गिअर बदलताना माझा गुडघा बाबांना लागतो, म्हणून पाय डावीकडे घेऊन बसावं लागतं. हे सोडवायला जागाच नाही. तसंच राहू द्यायचं ठरवलंय.

ग्वाल्हेरी · ३ मार्च

बाबांची कंबर?

राऊचा_शेतकरी · २९ मार्च

मुद्दाम महिनाभर थांबून लिहितोय, पहिल्या आठवड्याच्या उत्साहात काही सांगायचं नव्हतं. कळ पूर्ण गेलेली नाही. डॉक्टरांनी दिलेले व्यायामही चालू आहेत, त्यामुळे सगळं श्रेय सीटला देत नाही. पण पूर्वी मंडीत पोचल्यावर बाबा दाराला धरून दोन-तीन मिनिटं उभे राहायचे आणि मगच चालायला लागायचे. आता उतरतात आणि सरळ तोलाईकडे जातात.

५०० किमी झाल्यावर खाली शिरून रेघा बघितल्या. सात नटांच्या जशाच्या तशा. जोडसीटचा मागचा डावा किंचित फिरला होता. तिथला रंग प्लेटखाली दबून पातळ झालेला दिसला. तो खोलून, रंग घासून, नवा नायलॉन नट लावून पुन्हा आवळला आणि नवी रेघ मारली. आता १,००० किमीला परत बघेन.